हातचे बारा

तिकीट हाती आलं आणि मी हरखलो. सिंगापूरहून रात्री साडेअकराला निघायचं, न्यूयॉर्कला सकाळी सहाला उतरायचं. म्हणजे साडेसहा तास! एक झोप झाली की दात घासायला थेट अमेरिकेत. लगेच आईला फोन लावला.

"अगोबाई, इतकं जवळ आहे होय?" ती म्हणाली.

आईने आयुष्यभर शाळेत गणित शिकवलंय आणि बेरजेतला हातचा विसरायची माझी खोड तिला पहिलीपासून ठाऊक आहे. त्या 'होय'मधला खवचटपणा मला कळला तो विमानाचं दार लागल्यावर, कप्तानाने उड्डाण साडेअठरा तासांचं असल्याची गोड बातमी दिली तेव्हा. उन्हाळ्यात दोन्ही शहरांच्या घड्याळांत बारा तासांचा फरक असतो, तो मी सोयीस्कर गिळला होता. (हिवाळ्यात तेराचा. म्हणजे तेव्हा साडेपाच तासांत पोचलो असतो!)

अंतर सुमारे १५,३०० किलोमीटर. पृथ्वीचा घेर ४०,०००च्या आसपास, त्यामुळे या गोळ्यावर कुठलीही दोन गावं साधारण २०,००० किलोमीटरपेक्षा लांब असूच शकत नाहीत. थोडक्यात, माणसाला माणसापासून जितकं दूर पळता येतं त्याच्या तीन चतुर्थांश मी पळत होतो, आणि तेही दोन माणसांच्या मधे चेंगरून.

समोरच्या पडद्यावर नकाशा होता. तो बघू नये. त्यावरचं विमान इतकं थोराड की त्याच्या पोटाखाली अख्खा जपान झाकला जातो, आणि तासाला ९०० किलोमीटर कापणारं ते धूड पडद्यावर ढिम्म हलत नाही. बाकी १४ तास, असं वाचून मी डोळे मिटले. गाढ झोपलो. स्वप्नंही पडली, त्यातलं एक तर दोन भागांत. जागा झालो तर बाकी १३ तास ४० मिनिटं.

"हा वाकड्या वाटेने का नेतोय?" मी शेजारच्या काकांना विचारलं. तिथेच चुकलं. काका निवृत्त इंजिनिअर निघाले.

"पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून बघा. सगळ्यात जवळची वाट उत्तर ध्रुवाच्या शेजारून जाते."

"मग आपण पॅसिफिकवर काय करतोय?"

"वारा! वर जेट स्ट्रीम पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. तो पाठीशी घेतला की लांबची वाट लवकर संपते."

हेच वाक्य मला एकदा एका टॅक्सीवाल्याने ऐकवलं होतं. त्याच्याशी मी भांडलो होतो. इथे मुकाट मान डोलावली, कारण उतरून दुसरी करायची सोय नव्हती.

परतीच्या तिकिटात रात्री साडेदहाला निघून थेट परवा पहाटे उतरायचं होतं. मधला अख्खा गुरुवार कुठे जातो, ते काकांना विचारायचा धीर झाला नाही.

न्यूयॉर्कला उतरलो तेव्हा गुडघे माझ्यामागून, स्वतंत्रपणे, येत होते. फोन सुरू केला, तोच आईचा आला.

"पोचलास? किती तास लागले रे?"

"साडेसहा," मी ठासून सांगितलं.

"बरं. आणि हातचे?"