नव्या साहेबांसाठी दिवाळी बोनसची मार्गदर्शिका

सर्वप्रथम अभिनंदन. आपल्याला केबिन मिळाली, केबिनला काच मिळाली आणि काचेपलीकडे बसणाऱ्या माणसांची दिवाळी आता आपल्या हातात आली. घाबरून जाऊ नका. मी बरीच वर्षं अकाउंट्समध्ये आहे, पगारपत्रक माझ्याच टेबलावरून जातं, आणि बोनसची वेळ आली की साहेब लोक काय काय करतात ते मी फार जवळून पाहिलंय. त्यातलं निवडक, आपल्या उपयोगाचं तेवढं इथे देतो. फुकट. (यंदा आम्हाला जे मिळालं तेही जवळपास त्याच किमतीचं होतं.)

पहिली गोष्ट, घाई करायची नाही. दसरा झाला की लोक उगाचच तुमच्या तोंडाकडे बघायला लागतात. तुम्ही कँटीनमध्ये शिरलात की आवाज खाली येतो. जरा धीट असतो तो विचारतो, "सर, काही कळलं का?" काय कळायचंय ते तो सांगत नाही, तुम्हीही विचारू नका. "वर बोलणं चालू आहे" एवढं म्हणा आणि ताट घेऊन पुढे सरका. फारच खोलात कुणी गेला तर त्याला कायदा दाखवा. हिशेबाचं वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांत बोनस द्यायचा, असं कायदा म्हणतो. वर्ष 31 मार्चला संपत असेल तर 30 नोव्हेंबरपर्यंत आपण मोकळे. दिवाळीचं त्या कलमात नावही नाही. पोरांचे कपडे, किराणा, गावच्या गाडीचं तिकीट हे कामगाराचं घरगुती वेळापत्रक झालं, आपण संसदेच्या वेळापत्रकाने चालायचं. शिवाय भाऊबीज उलटून गेल्यावर पैसे जमा झाले की एक फायदा असतो. तोवर माणसाने कुणाकडून तरी उसने घेतलेले असतात, त्यामुळे बोनस चैनीत उडत नाही. आला तसा निघून जातो.

दुसरं, तोटा दाखवा. जुलैच्या टाउनहॉलमध्ये विक्रमी तिमाही म्हणून केक कापला होता, हे लोक दिवाळीपर्यंत विसरतात असं गृहीत धरा. कपाळावर आठी आणा, मार्केट बसलंय म्हणा, एक्सपोर्ट थंड आहे म्हणा. यात एक अडचण आहे, ती मी लपवत नाही. 1965 च्या बोनस कायद्यात किमान बोनस पगाराच्या 8.33 टक्के होता, आणि किमान बोनस कंपनीला नफा झाला नाही म्हणून चुकत नाही. नफा बक्कळ झाला तर तोच 20 टक्क्यांपर्यंत जातो. तो कायदा आता 2019 च्या वेतन संहितेत गेला, पण हे दोन्ही आकडे संहितेतही तसेच आहेत. म्हणजे तोट्याचं रडगाणं 20 टक्के मागणाऱ्यापुढे चालेल, 8.33 वाल्यापुढे चालणार नाही. सुदैवाने हा फरक ठाऊक असलेली माणसं थोडी असतात, आणि ठाऊक असलेली बहुतेक गप्प असतात. त्यांनाही घराचे हप्ते आहेत.

तिसरं, पात्रता. इथे कायदा आपल्या बाजूला जरा कलतो. 2015 च्या दुरुस्तीने पगाराची मर्यादा 10,000 वरून 21,000 रुपये झाली. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून महिन्याला 21,000 च्या वर गेलात की तुम्ही या कायद्याच्या बाहेर. आत राहिलात तरी हिशेबाला तुमचा पूर्ण पगार धरत नाहीत; 7,000 रुपये किंवा सरकारने ठरवलेलं किमान वेतन, यांत जे जास्त असेल तेवढाच. तेव्हा एखाद्याचा मूळ पगार 20,800 असेल तर त्याला हसतमुखाने तीनशे रुपयांची वाढ द्या. पत्र देताना हस्तांदोलनही करा. माणूस पेढे वाटतो आणि वर्षअखेरीस त्याच्या लक्षात येतं.

याहून सफाईदार मार्ग म्हणजे बोनस सीटीसीत, म्हणजे नेमणुकीच्या वेळी सांगितलेल्या वर्षाच्या एकूण पगारातच, घालणं. नेमणूकपत्राच्या शेवटच्या पानावर 'स्टॅच्युटरी बोनस' अशी एक ओळ टाका, बारा तुकडे करा, दर महिन्याच्या पगारात मिसळून द्या. मग दिवाळीत कुणी आलाच तर शांतपणे म्हणायचं, "अहो, तो तर तुम्ही खाल्लाय." माणूस खरंच घरी जाऊन आठवत बसतो, कधी खाल्ला ते.

बातम्यांपासून जपा. 2025 मध्ये मुंबई महापालिकेने कर्मचाऱ्यांना 31,000 रुपये सानुग्रह अनुदान जाहीर केलं, रेल्वेने 78 दिवसांचा बोनस दिला. असलं काही जाहीर होतं त्या दिवशी ऑफिसचं वायफाय 'मेंटेनन्स'ला लावणं बरं. रेल्वेचे 78 दिवस ऐकायला भारदस्त वाटतात, पण तिथेही महिन्याचा पगार 7,000 च धरतात, त्यामुळे जास्तीत जास्त 17,951 रुपये हातात पडतात, हे मात्र मोठ्याने सांगा. दुसऱ्याच्या ताटात किती कमी वाढलंय हे कळलं की आपल्या ताटातला माणूस थोडा वेळ गप्प बसतो. सुरतेच्या हिरे व्यापाऱ्याने मोटारी वाटल्याची बातमी दर वर्षी ग्रुपवर येते. तिला अंगठा देऊन मोकळे व्हा.

कधीतरी गणित चुकतं, तेही सांगून ठेवतो. 2025 च्या दिवाळीत आग्रा-लखनऊ द्रुतगती मार्गावरच्या फतेहाबाद टोलनाक्यावर 1,100 रुपये बोनस हातात पडला म्हणून कर्मचाऱ्यांनी सरळ नाक्याचे दांडे वर केले आणि गाड्या टोल न घेता सोडून दिल्या. आपल्या ऑफिसात वर करण्यासारखा दांडा नाही, याची एकदा खात्री करून घ्या.

साहेबांच्या भेटवस्तूसाठी वर्गणी ऐच्छिक ठेवा. फक्त कुणी किती दिले त्याची यादी ग्रुपवर टाका.

पर्चेसमधल्या लोकांना व्हेंडरकडून काय येतं, तिकडे बघू नका. ते बघायला लागलात तर स्वतःच्या घरी काय आलं तेही बघावं लागेल.

आता मुख्य विषयाकडे येऊ. डबा.

बोनसऐवजी डबा द्यायचा तर तो मोठा हवा, जड नको. एका खान्यात काजू, दुसऱ्यात बदाम, तिसऱ्यात बेदाणे, चौथ्यात कागदाची रंगीत कात्रणं, आणि खान्यांच्या खाली वीतभर पुठ्ठा. झाकणावर कंपनीचा लोगो एवढा मोठा की पुढे दुसऱ्या कुणाला देताही येऊ नये. आत एमडींचं पत्र. आमच्या पत्रात 'प्रिय' या शब्दापुढे नाव छापायचं राहून गेलं होतं, तिथे नुसता कंस होता. पत्राखाली मात्र 'आपण सारे एक कुटुंब' आणि स्कॅन केलेली सही. मग एचआरचा मेल: डब्यासोबत फोटो काढून लिंक्डइनवर टाका, कंपनीला टॅग करा, सायंकाळी पाचपर्यंत. ज्यांनी टाकला नाही त्यांना सोमवारी आठवण करण्यात आली. बोनसची आठवण आम्ही महिनाभर करत होतो, तिला कधी उत्तर आलं नाही.

डब्याचा हिशेब करताना अकाउंट्सवाल्याला सोबत घ्या, कारण त्यावर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट मिळत नाही, म्हणजे तो आपल्या भरायच्या करातून वजा होत नाही. जीएसटी कायद्याच्या कलम 17(5) मध्ये यादी आहे: हरवलेला माल, चोरीला गेलेला माल, नष्ट झालेला, खात्यातून काढून टाकलेला आणि भेट म्हणून दिलेला. चोरी आणि भेट एकाच ओळीत. मी दर दिवाळीला ती ओळ वाचतो आणि मला वाटतं, हे लिहिणाऱ्याने कधीतरी आमच्याकडे नोकरी केली असणार. त्याच कायद्यात हेही आहे की मालकाने कर्मचाऱ्याला वर्षाला 50,000 रुपयांपर्यंतची भेट दिली तर तो पुरवठा धरला जात नाही, म्हणजे त्या भेटीवर जीएसटी आकारायचा नसतो. हे बाहेर बोलू नका. "द्यायची इच्छा खूप होती हो, पण टॅक्सचा प्रॉब्लेम आहे" हे वाक्य मग वापरता येणार नाही.

आणि डबे वाटायचं काम कुणाला द्यायचं? हाउसकीपिंगच्या मावशींना.

आमच्याकडे तसंच झालं. टेम्पो आला त्या दिवशी लिफ्ट बंद. मावशी आणि गेटवरचे दोन सिक्युरिटीवाले यांनी खोके जिन्याने वर आणले. मग मावशींच्या हातात यादी दिली, प्रत्येक टेबलावर एक डबा ठेवायचा आणि नावापुढे टिक करायची. त्यांनी ते इतकं नीट केलं की रजेवर असलेल्यांचे डबेही ड्रॉवरमध्ये ठेवून वर चिठ्ठी लावली. यादी संपली. त्यात त्यांचं नाव नव्हतं. त्या दोघांचंही नव्हतं. मी एचआरला विचारलं. "त्यांचं व्हेंडर बघतो ना," असं उत्तर मिळालं, अगदी गोड आवाजात. व्हेंडर म्हणजे ठेकेदार. त्याला फोन केला, तर तो म्हणाला, "कंपनीने दिला तर आम्ही देऊ, साहेब. आम्ही कुठून आणणार?"

कुठून आणणार? त्याचं दर महिन्याचं बिल माझ्या टेबलावरून जातं. त्यात किमान वेतन, मग पीएफ, मग ईएसआय, आणि त्याखाली स्वच्छ अक्षरांत 'बोनस 8.33 टक्के'. दर माणशी, दर महिना. आणि या सगळ्यावर त्याचं सर्व्हिस चार्ज. म्हणजे मावशींचा बोनस कंपनीने बारा वेळा भरला, त्यावर त्याला कमिशनही दिलं, आणि मावशींच्या हातात दिवाळीला काय पडलं? हाउसकीपिंगच्या ग्रुपवर ठेकेदाराने पाठवलेलं पणतीचं जीआयएफ.

हे कुणाला ठाऊक नाही असं समजू नका. ॲडमिनला ठाऊक आहे, एचआरला ठाऊक आहे, बिलावर सही करणाऱ्या साहेबांना ठाऊक आहे. विचारलं की सगळे म्हणतात, ते आपल्या पे-रोलवर नाहीत. फरशी आपली पुसतात, कप आपले विसळतात, रात्री तुमची गाडी आत येते तेव्हा सलाम तुम्हाला ठोकतात, पण पे-रोलवर नाहीत. बोनससाठी वर्षात 30 दिवस काम पुरतं. मावशी माझ्या आधीपासून इथे आहेत. मधे ठेकेदार बदलले, त्या तिथेच आहेत. दर नव्या ठेकेदाराकडे त्यांची नोकरी पहिल्या दिवसापासून सुरू होते, आणि जुन्याकडे राहिलेला बोनस जुन्याबरोबर जातो. एकेकाळी बांधकामावरच्या ठेकेदारी कामगारांना कायद्यातूनच वगळलेलं होतं, 2007 च्या दुरुस्तीने तीही सवलत गेली. वीस आणि त्याहून जास्त माणसं ठेवणाऱ्या ठेकेदाराला पळवाट उरलेली नाही. कायद्याने ती बंद केली. तुमच्या सहीने उघडी राहिली.

सल्ला वगैरे राहू द्या आता. अहो, लाज वाटत नाही का? आमचा बोनस तुम्ही सीटीसीत जिरवलात, आम्ही कुरकुरलो, डबा उचलला आणि घरी गेलो. आम्ही तेवढेच लायक आहोत, फोटोही टाकला. पण ज्या बाईला बारा-तेरा हजारांत घर चालवायचंय, तिच्या हक्काचे पैसे तिच्या नावाने घेऊन दुसरा कुणी खातो आणि त्याच्या बिलावर दर महिन्याला तुम्ही 'व्हेरिफाइड' म्हणून शिक्का मारता? काय व्हेरिफाय करता? टोटल? टोटल मी करतो. तुम्ही फक्त एवढं बघायचं असतं की पैसे पोचले की नाही, आणि तेवढंच तुम्ही बघत नाही. भेट द्यायला तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. डबा मागितला नव्हता, पत्र मागितलं नव्हतं. जे देणं आहे ते द्या, वेळेवर द्या, ज्याचं त्याच्या खात्यात द्या, आणि मग वर काय बेदाणे वाटायचेत ते वाटा.

पुढच्या महिन्याच्या बिलाला बोनसचं रजिस्टर आणि बँकेत जमा केल्याचा पुरावा जोडलेला नसेल तर ते बिल परत पाठवा. ठेकेदार ओरडेल. ओरडू द्या. दोन महिने पेमेंट अडकलं की सगळ्यांचा बोनस निघतो, हे तुम्हाला माझ्याइतकंच ठाऊक आहे. आणि ते कुटुंबवालं पत्र पुढच्या वर्षी छापू नका, त्याच्या छपाईचं बिलही माझ्याकडेच येतं.