बाई, चादरीत पण कोडिंग असतं?

मागच्या महिन्यात एका पालकांनी शाळेच्या फाटकापाशीच गाठलं. यंत्रमागावर काम करतात. दिवसपाळी सुटल्यावर तसेच आले होते, केसांत, भुवयांवर सुताचं तूस. हातात एक गुळगुळीत रंगीत पत्रक. "बाई, सहावीतल्या पोराला एआय आणि रोबोटिक्स शिकवतेत म्हणे. वर्षाला पस्तीस हजार. हप्ते पाडून देतो म्हणतेत. घालू का? नाय घातलं तर पोरगं मागं पडतंय की."

"आत्ता पैसे भरू नका," एवढंच मी तेव्हा म्हणू शकले. मागे रिक्षावाले हॉर्न वाजवत होते, घंटा होत होती. पण घरी आल्यावर मला ते उत्तर पुरेना. म्हणून हे लिहिते आहे. लांबलंय, तरी सोलापुरातल्या आईबापांनी वाचावं ही विनंती.

या वाटेनं मी स्वतः गेले आहे. २०२० मध्ये शाळा बंद होत्या आणि मोबाइल उघडला की कोडिंग क्लासच्या जाहिराती. आपल्या मुलीचं नुकसान व्हायला नको म्हणून हप्त्यावर एक ऑनलाइन क्लास लावला. ती तेव्हा तिसरीत होती. चार महिन्यांत तीन शिक्षक बदलले. एक दिवस तिनं पडद्यावर गोल फिरणारं मांजर दाखवलं. मी विचारलं, "हे गोलच का फिरतं गं? चौकोनात फिरवायचं असेल तर?" ती म्हणाली, "सरांनी हा ठोकळा इथं लाव म्हणून सांगितलं." क्लास बंद केला, उरलेले पैसे मात्र आजवर परत मिळाले नाहीत. पैशाचं दुःख विसरले. तिचं ते वाक्य विसरता येत नाही, कारण चूक तिची नव्हती. तिला "का" विचारायला कुणी शिकवलंच नव्हतं.

आता आपल्या गावाकडे या. माझे वडील पूर्व भागात जकार्डच्या मागावर चादरी विणायचे. लहानपणी मी डबा घेऊन जायचे, तेव्हा मागाच्या डोक्यावर ओवलेली भोकाभोकांची पुठ्ठ्याची माळ टकटक करत सरकायची. त्या आवाजात बोललेलं ऐकू यायचं नाही, म्हणून वडिलांनी एकदा बोटानं दाखवलं: कार्डावर भोक असेल तिथे सुई आत जाते, हुक उचलला जातो आणि उभा धागा वर येतो. भोक नसेल तर सुई मागे ढकलली जाते, धागा खालीच राहतो. मग मधून आडवा धागा घेऊन धोटा पळतो. एक कार्ड, एक आडवा धागा. अशी शेकडो कार्डं गेली की चादरीवर मोर उमटतो.

भोक आहे किंवा नाही. हो किंवा नाही. एक किंवा शून्य. पुढे बी. एस्सी.ला संगणकाचं पहिलं प्रकरण वाचताना माझ्या डोळ्यांसमोर ती माळच आली.

ही नुसती उपमा नाही, हा इतिहास आहे. जोसेफ मारी जकार्ड या फ्रेंच माणसानं १८०४ मध्ये हे यंत्र केलं. इंग्लंडमधल्या चार्ल्स बॅबेजनं आपल्या गणनयंत्रासाठी हीच भोकांच्या कार्डांची कल्पना उचलली. त्याच्याकडे रेशमात विणलेलं खुद्द जकार्डचं चित्र होतं, सुमारे २४,००० कार्डं वापरून विणलेलं. १८४३ मध्ये एडा लव्हलेस या गणिती बाईनं बॅबेजच्या यंत्राबद्दल लिहिलं की जकार्डचा माग जशी फुलं-पानं विणतो, तसं हे यंत्र बीजगणिताची नक्षी विणतं. अमेरिकेची १८९० ची जनगणना हर्मन हॉलरिथच्या भोकांच्या कार्डांवर मोजली गेली. संगणकाच्या खानदानातला हा पूर्वज आपल्या गल्लीत टकटक करत होता आणि आपण मुलांना सांगतो की तंत्रज्ञान पुण्या-बेंगळुरूला असतं!

वर्गात मी काय करते ते सांगते. एका जोडीतल्या दोघांनी पाठीला पाठ लावून बसायचं. एकाकडे आलेख वहीवर सोळा बाय सोळा घरांचं चित्र, म्हणजे २५६ घरं. त्यानं ओळ वाचायची: शून्य, शून्य, एक, एक... दुसऱ्यानं ऐकून घरं भरायची. मागच्या बॅचला एका मुलीनं मोर काढला होता. नवव्या ओळीत तिच्या जोडीदारानं एक शून्य गाळलं आणि पुढची सगळी ओळ एक घर सरकली. मोराची मान तुटली. वर्ग हसला. तो मुलगा मात्र हसला नाही. प्रत्येक ओळीतली घरं मोजत मोजत खाली आला, नवव्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "बाई, हितं पंधराच हायेत." पाच मिनिटं लागली. खर्च, वहीचं एक पान. चूक कुठे आहे ते शांतपणे शोधणं हे प्रोग्रॅमिंगमधलं सगळ्यात अवघड काम, आणि ते त्यानं कुणाच्या मदतीशिवाय केलं. मग एका मुलीनं विचारलं, "बाई, चादरीत पण कोडिंग असतं?" तिचे आजोबा कार्ड पंचिंग करायचे, म्हणजे नक्षीप्रमाणे कार्डांना भोकं पाडायचं काम. तो प्रश्न विचारताना तिचा चेहरा कसा झाला होता, ते मला लिहिता येत नाही.

कार्ड पंचिंगवरून आठवलं. आमच्या गल्लीत हे काम करणारे दोघे होते. इलेक्ट्रॉनिक जकार्ड आलं, डिझाइन संगणकावर होऊ लागलं, कार्डांची गरज संपत गेली. एकजण आलेख कागदावर स्वतः नक्षी मांडायचे. कुठला धागा वर आला की फूल कसं दिसेल हे त्यांना ठाऊक होतं, ते सहा महिन्यांत माउस धरायला शिकले आणि आज डिझाइनचंच काम करतात. दुसऱ्यांना आयुष्यभर कुणी खुणेवर भोक पाडण्यापलीकडे काही दाखवलं नाही. हात अतिशय साफ होता त्यांचा. पुढे ते वॉचमन झाले. मुलांना आज कुठली प्रोग्रॅमिंगची भाषा, कुठलं ॲप शिकवावं असं कुणी विचारलं की मला हे दोघे आठवतात.

सरकारनं काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. २०२० च्या शैक्षणिक धोरणात माध्यमिकच्या आधीच्या टप्प्यावर कोडिंग आहे. अटल टिंकरिंग लॅबसाठी, म्हणजे मुलांनी स्वतः जोडून-मोडून शिकायच्या प्रयोगशाळेसाठी, शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान मिळतं, त्यात सेन्सर, आर्डुइनो (प्रोग्रॅम भरता येतो असा छोटा सर्किट बोर्ड), थ्रीडी प्रिंटर येतो. पण आधी मी जिथे होते त्या शाळेत आलेले खोके दोन वर्षं कपाटात होते. मुलांनी काही मोडलं तर तपासणीला काय दाखवायचं, ही भीती. मी किल्ली मागायचे, साहेब नसायचे. माझी हात जोडून विनंती आहे, किट मोडू द्या. एक सेन्सर जळला तर मूल उलटी जोडलेली तार जन्मात विसरणार नाही.

आणि एआय. ते मुलांपासून लपवण्यात अर्थ नाही, घरोघरी मोबाइलमध्ये आलं आहे. मी नववीच्या वर्गात एका चॅटबॉटला विचारलं, सोलापूरचे चार हुतात्मे कोण? छान मराठीत, जराही न अडखळता उत्तर आलं. मागच्या बाकावरचा एक मुलगा ताडकन उठला. "बाई, कुर्बान हुसेन कुठायत ह्यात?" खरंच नव्हते. भलतंच नाव घातलं होतं आणि तारीखही चुकीची. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन, फाशी १२ जानेवारी १९३१ ला, येरवडा तुरुंगात. आमच्या मुलांना हे तोंडपाठ आहे, म्हणून यंत्र पकडलं गेलं. मग तास त्याच्यावरच गेला: हे यंत्र पुस्तक उघडून बघत नाही, अफाट मजकुरातून शिकलेल्या सवयीनं पुढचा शब्द कुठला येईल याचा अंदाज बांधतं. जिथे मजकूर कमी, तिथे अंदाज कच्चा. सोलापूरबद्दल, आपल्या बोलीबद्दल मजकूर कमीच. ज्याला आधी काही ठाऊक आहे त्यालाच त्याची चूक दिसते. म्हणून एआय आलं, आता पाठांतर आणि वाचन कशाला, असं म्हणणाऱ्यांशी माझं अजिबात पटत नाही.

भाषेचं तर आपल्याकडे फार महत्त्वाचं आहे. माझ्या वर्गात घरी तेलुगू बोलणारी, कन्नड बोलणारी, दखनी बोलणारी मुलं आहेत. "लूप", म्हणजे तीच कृती ठरलेली अट पुरी होईपर्यंत पुन्हा पुन्हा करणं. पण नुसतं "लूप" म्हटलं की डोळे कोरे. "नंदीध्वजाची मिरवणूक दरवर्षी त्याच वाटेनं, अडुसष्ट लिंगं पुरी होईपर्यंत" असं आपल्या सिद्धेश्वर यात्रेचं उदाहरण दिलं की सगळ्यांना कळतं. आपल्याच जिल्ह्यात, माढा तालुक्यात परितेवाडीला रणजितसिंह डिसले गुरुजींनी हेच केलं. आधी मुलांची कन्नड शिकून घेतली, पुस्तकं त्यांच्या भाषेत आणली, त्यात क्यूआर कोड घातले. २०२० चा ग्लोबल टीचर प्राइज त्यांना मिळाला. सगळे क्यूआर कोडचं बोलतात. मला त्याआधीची ती कन्नड शिकण्याची मेहनत मोठी वाटते.

तर त्या पालकांना मी दुसऱ्या दिवशी बोलावून घेतलं. पस्तीस हजार ठेवा म्हटलं. ठोकळे जोडून कोडिंग शिकवणारं स्क्रॅच फुकट आहे, आमच्या शाळेच्या जुन्या संगणकावरही चालतं, शनिवारी पोराला पाठवा. आणि रविवारी त्याला तुमच्या मागावर न्या, कार्ड कसं चालतं ते तुम्हीच सांगा. ते म्हणाले, "मी काय सांगणार बाई, मी सातवी शिकलेला." पुढच्या सोमवारी पोरगं वर्गात हुकांची आकृती काढून घेऊन आलं. खाली लिहिलं होतं, माहिती देणारे: माझे पप्पा.

ही आकृती फळ्याशेजारी लावली आहे. आता मला खरी कार्डं हवी आहेत. कुणाच्या कारखान्यात, माळ्यावर, भंगारात जकार्डच्या जुन्या माळा पडून असतील तर रद्दीत घालू नका. मला मेसेज करा, मी स्वतः स्कूटीवर येऊन घेऊन जाईन. मोराची असेल तर फारच चांगलं.