रात्रपाळीतल्या सिस्टरला कोणी शिकवलंय?

महाराष्ट्रात इस्पितळाला आग लागली की चर्चेतला पहिला प्रश्न ठरलेला असतो: फायर ऑडिट झालं होतं का? दुसराही ठरलेलाच: निलंबित कोणाला केलं? भंडारा, विरार, अहमदनगर, प्रत्येक वेळी मी इथून, मेलबर्नमधून, मराठी बातम्या लावून बसले आणि प्रत्येक वेळी चर्चा याच दोन प्रश्नांभोवती फिरली. २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे इमारतीतली अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र, म्हणजे ‘फॉर्म बी’, दर जानेवारीत आणि दर जुलैत द्यावं लागतं. कायदा चांगला आहे आणि तो पाळला जावा म्हणून झगडणाऱ्यांच्या बाजूनेच मी आहे. पण ते प्रमाणपत्र भिंतीवरच्या लाल सिलिंडरचं असतं. रात्री दोन वाजता तो सिलिंडर ज्या सिस्टरच्या, मावशीच्या किंवा वॉर्डबॉयच्या हाती येणार, त्यांनी तो आयुष्यात एकदा तरी चालवून पाहिलाय का, याचं प्रमाणपत्र कोणी मागत नाही.

मी नागपुरात नर्सिंग शिकले, तिथल्याच वॉर्डांमध्ये पहिल्या रात्रपाळ्या केल्या आणि आता मेलबर्नमध्ये एका सरकारी इस्पितळात काम करते. इथे ओळखपत्राच्या मागे अजून एक कार्ड लटकवलेलं असतं, त्यावर रंगांचे पट्टे. लाल म्हणजे आग. निळा म्हणजे कोणाचा तरी जीव या क्षणी धोक्यात. जांभळा बॉम्बच्या धमकीचा, काळा हल्ल्याचा, नारिंगी इमारत रिकामी करण्याचा. पिवळा म्हणजे इस्पितळाच्या आतलंच काहीतरी कोलमडलंय: वीज, पाणी, ऑक्सिजन, संगणक. तपकिरी म्हणजे बाहेर मोठी दुर्घटना घडली आहे आणि जखमी आपल्याकडे यायला निघाले आहेत. हे रंग देशाच्या एकाच मानकात ठरलेले आहेत, त्यामुळे पर्थहून आलेल्या नर्सला मेलबर्नमध्ये वेगळा रंग शिकावा लागत नाही. ब्रिटनमध्ये याच विचाराने २००४ पासून सरकारी इस्पितळांमध्ये हृदयक्रिया बंद पडल्यावर फिरवायचा अंतर्गत क्रमांक सगळीकडे एकच करायला सुरुवात झाली: २२२२.

आपल्याकडे मोठ्या खासगी इस्पितळांमध्ये कोड आहेत. मानांकन हवं असेल तर ठेवावेच लागतात. निळा आणि लाल बहुतेक ठिकाणी सारखे असतात, पुढचे रंग मात्र ज्याचे त्याचे. एका कॉर्पोरेट इस्पितळातून दुसऱ्यात गेलेल्या सिस्टरला पुन्हा नवी यादी पाठ करावी लागते. जिल्हा रुग्णालयात तर यादीचाही पत्ता नसतो. राज्याच्या आरोग्य खात्याने एक पान छापून, सरकारी-खासगी असा भेद न करता सगळ्यांना तेच लागू केलं, तर त्याला कागदाच्या खर्चापलीकडे फार काही लागणार नाही. हे मला इतकं उघड वाटतं की त्यावर आणखी लिहीत नाही.

रंग ठरवणं सोपं आहे. कठीण असतं ते त्यामागचं काम, आणि ते नाशिकच्या उदाहरणातून सांगते. २१ एप्रिल २०२१ ला नाशिक महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, दाब कोसळला आणि व्हेंटिलेटरवरचे व ऑक्सिजनवरचे किमान २२ रुग्ण गेले. तेव्हाची चर्चा टाकी कोणी बसवली, देखभालीचं कंत्राट कोणाचं, इथेच थांबली. ते शोधायलाच हवं होतं. पण इथल्या पिवळ्या कोडच्या प्रशिक्षणात जे घोकून घेतात ते वेगळं आहे. आपल्या वॉर्डात या घडीला ऑक्सिजनवर कोण कोण आहे, आणि पुरवठा तुटला तर त्यातलं कोण दोन मिनिटंही थांबू शकणार नाही? भरलेले छोटे सिलिंडर कुठे आहेत आणि त्यांची चावी कुठे टांगली आहे? व्हेंटिलेटर बंद पडला तर हाताने श्वास देण्याची अंबू बॅग कोण दाबणार, तो दमला की पुढचा कोण? वॉर्डाचा ऑक्सिजन बंद करणारा व्हॉल्व्ह भिंतीत कुठे आहे, आणि आग लागली तर तो कोणाच्या सांगण्यावरून बंद करायचा? पाळी बदलताना इन्चार्ज हे तोंडाने बोलून पुढच्या पाळीला देते. पाच मिनिटांचं काम. नाशिकमध्ये हे केलं असतं तर सगळे वाचले असते असा दावा मी करणार नाही. इतक्या रुग्णांचा ऑक्सिजन एकाच वेळी तुटल्यावर कोणत्याही देशाचं इस्पितळ हादरेल. पण त्या दिवशीच्या सिस्टर्सना पहिली काही मिनिटं काय करायचं हे आधीच ठाऊक असणं हा त्यांचा हक्क होता.

भंडारा माझ्या मनातून जात नाही. माझ्या माहेरापासून दीड तासाच्या आत असलेलं ते जिल्हा रुग्णालय. ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर नवजात बाळांच्या कक्षात आग लागली. १७ बाळं होती, ७ वाचली, १० गेली. पुढे दोन परिचारिकांवर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागून ११ जण गेले, तिथेही वैद्यकीय अधिकारी आणि परिचारिकांना अटक झाली. कोणी कामात कसूर केली असेल तर न्यायालय पाहील. मला राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. या सिस्टर्सना वर्षभरात किती वेळा सराव दिला होता, कोणी दिला होता, सरावाच्या नोंदवहीत कोणाच्या सह्या होत्या, हे प्रश्न त्यांच्या बेड्यांइतक्या मोठ्या आवाजात विचारले गेले नाहीत.

धूर माणसाला आगीच्या आधी गाठतो. कोलकात्याच्या ढाकुरिया भागातल्या आम्री इस्पितळात डिसेंबर २०११ मध्ये आग तळघरात लागली होती, आणि वरच्या मजल्यांवरचे नव्वदच्या आसपास लोक बहुतेक गुदमरून गेले. म्हणून इथे पहिला धडा असतो तो आडव्या स्थलांतराचा: रुग्णाला जिन्याने खाली न्यायला धावू नका, त्याच मजल्यावर आगरोधक दरवाजापलीकडच्या भागात न्या आणि दरवाजा लावून घ्या. खाट ढकलत नेता येते, चादरीसकट ओढता येते. नवजात बाळांसाठी खिसे असलेला ॲप्रन मिळतो, एका नर्सने चार-चार बाळं अंगावर घेऊन बाहेर पडायचं. नागपूरच्या गांधीबागेतला शिंपी जाड सुती कापडाचा असा ॲप्रन शिवून देऊ शकेल. तो कपाटात टांगलेला असावा आणि वर्षातून दोनदा बाहुल्या घालून तो अंगावर चढवून पाहिलेला असावा, एवढंच.

देशातली दुसरी चर्चा डॉक्टरांवरच्या हल्ल्यांची. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर महाविद्यालयात तरुण डॉक्टरचा खून झाल्यावर ती पुन्हा पेटली. महाराष्ट्रात २०१० पासून वैद्यकीय सेवेतल्या लोकांवरच्या हिंसेविरुद्ध स्वतंत्र कायदा आहे, इस्पितळांच्या दारात महाराष्ट्र सुरक्षा बलाचे जवान उभे असतात. मार्ड या निवासी डॉक्टरांच्या संघटनेतल्या मुलामुलींची अधिक पहारा हवा ही मागणी रास्त आहे. पण आम्हाला व्हिक्टोरिया राज्यात काळ्या कोडच्या खाली अजून एक पायरी शिकवतात, करड्या कोडची. समोरच्याच्या हातात शस्त्र नाही, पण तो आरडाओरड करतोय, हात उगारतोय. तेव्हा सुरक्षारक्षकाबरोबर नर्स आणि डॉक्टरही जातात, आणि बोलण्याचं काम वैद्यकीय माणूस करतो. कारण तो माणूस तापाने भ्रमात असू शकतो, त्याची साखर उतरलेली असू शकते, किंवा त्याचा बाप नुकताच गेलेला असू शकतो. काठी हातात असलेल्या जवानाला हे ओळखायला कोणी शिकवलेलं नसतं. आपल्या कॅज्युअल्टीत नातेवाईकांचा संताप बहुतेकदा तासन्‌तास कोणी काही न सांगितल्यामुळे उसळतो. तिथे एका माणसाला फक्त नातेवाईकांशी बोलण्यासाठी नेमलं तर आणखी दोन जवानांपेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल असं मला वाटतं.

इथलं सगळं उत्तम चाललंय असं समजू नये. २१ नोव्हेंबर २०१६ च्या संध्याकाळी मेलबर्नवर वादळ आलं, त्याने गवताचे परागकण फोडून हवेत पसरवले आणि तीस तासांत श्वसनाचे तीन हजारांहून जास्त अधिकचे रुग्ण आपत्कालीन विभागांत येऊन धडकले. १० माणसं गेली. रुग्णवाहिका पुरल्या नाहीत, आणि एका इस्पितळाला शेजारच्या इस्पितळात काय चाललंय हे वेळेत कळलं नाही. त्यानंतर परागकण आणि वादळ यांची पूर्वसूचना देणारी व्यवस्था उभी राहिली. जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉनच्या लाटेत संपूर्ण राज्याच्या मोठ्या इस्पितळांना एकाच वेळी तपकिरी कोड लागू करावा लागला, सुट्ट्या रद्द करण्याची मुभा प्रशासनाला मिळाली. तेव्हा आम्हाला कळलं की कोड जाहीर केल्याने नर्स निर्माण होत नाहीत. निम्मी मंडळी घरी आजारी असताना यादीतल्या कोणाला फोन करायचा? शिवाय इथलं वार्षिक प्रशिक्षण पुष्कळदा संगणकावर बटणं दाबून उरकलं जातं, आणि एजन्सीकडून एका पाळीपुरत्या आलेल्या नर्सला सिलिंडर कुठे आहे हे माहीत नसतं.

या बाबतीत आपल्याकडे एक ताकद आहे जी इथे नाही. निवासी डॉक्टर आवारातच राहतात. ११ जुलै २००६ ला लोकल गाड्यांत स्फोट झाले तेव्हा केईएम आणि सायनसारख्या इस्पितळांमध्ये वसतिगृहातून डॉक्टर धावत आले, बाहेर रक्त द्यायला लोकांच्या रांगा लागल्या. मेलबर्नमध्ये तपकिरी कोडचा फोन आला तर माझ्या सहकाऱ्यांतले अर्धे चाळीस किलोमीटरवरून गाडी काढणार. मुंबईच्या इस्पितळांना अशा रात्रींचा अनुभव इथल्या कोणत्याही इस्पितळापेक्षा जास्त आहे. तो अनुभव लिहून ठेवून पुढच्या तुकडीला शिकवण्याची व्यवस्था मात्र ढिली आहे.

अंजली कुलथे सिस्टरचंच बघा. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दहशतवादी कामा रुग्णालयात घुसले तेव्हा त्यांनी आपल्या वॉर्डातल्या वीस गरोदर बायांना आडोशाच्या जागी हलवलं, दारं लावली, दिवे घालवले. एकीच्या कळा सुरू झाल्या तर तिला प्रसूतिकक्षापर्यंत घेऊन गेल्या. पुढे न्यायालयात कसाबला ओळखलं, आणि २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेसमोर आपली साक्ष मांडली. आम्हाला काळ्या कोडसाठी शिकवतात ते जवळजवळ हेच: दार, दिवा, आडोसा, शांतता. त्यांच्या धैर्याचा सत्कार झाला हे योग्यच झालं. आता त्यांनी केलं ते टप्प्याटप्प्याने राज्यातल्या प्रत्येक नर्सिंग कॉलेजच्या पहिल्या वर्षाला शिकवलं जावं. पुढच्या सिस्टरला ते त्या क्षणी स्वतःच सुचेल या भरवशावर आपण वीस जीव ठेवू शकत नाही.

आणि इथलं जसंच्या तसं तिकडे नेऊ नये हेही तितकंच महत्त्वाचं. व्हिक्टोरियात किती रुग्णांमागे किती नर्स हे २०१५ च्या कायद्याने बांधलेलं आहे. आपल्याकडे चाळीस खाटांच्या वॉर्डात रात्री एक किंवा दोन सिस्टर असतात. पण त्याच वॉर्डात प्रत्येक खाटेखाली चटई टाकून एक तरी नातेवाईक झोपलेला असतो. परदेशी नियमपुस्तिका त्याला गर्दी मानेल. मी त्याला त्या रात्रीचे चाळीस जोडी हात मानते. भरती करतानाच प्रत्येक नातेवाईकाला दोन वाक्यांत मराठीत सांगावं की काही झालं तर आपल्या माणसाला घेऊन या दरवाजाने त्या बाजूला जायचं, आणि ज्याच्याजवळ कोणी नाही त्या शेजाऱ्यालाही सोबत घ्यायचं. चादरीचे चार कोपरे धरून माणूस उचलणं पाच मिनिटांत शिकता येतं.

सरावाची पहिली खुर्ची मात्र मावशींना, वॉर्डबॉयना आणि सुरक्षारक्षकांना द्यायला हवी. आज यातले बरेच कंत्राटी. कंत्राटदार बदलला की माणसं बदलतात, शिकवलेलं त्यांच्याबरोबर निघून जातं. म्हणून कंत्राटाच्या अटींतच लिहावं की रुजू झाल्यापासून आठ दिवसांत सराव, त्या वेळेचा पूर्ण पगार, आणि सराव दुपारी पाहुण्यांसमोर न घेता रात्रपाळीतच. फॉर्म बी वर सही करणाऱ्याने त्या रात्री कामावर असलेल्या कोणाही तिघांना बोलावून सिलिंडर चालवून दाखवायला सांगावं. तिघांपैकी एकालाही जमलं नाही तर प्रमाणपत्र अडवावं.

हे सरकार करेल तेव्हा करेल. तोवर तुमचं कोणी भरती झालं तर संध्याकाळी सिस्टर थोडी मोकळी असताना तिला विचारा की वॉर्डाला दुसरा दरवाजा आहे का. बहुतेक ठिकाणी असतो. चोरी होऊ नये, बाहेरची माणसं आत शिरू नयेत म्हणून रात्री त्याच्या जाळीला कुलूप लावतात. किल्ली कोणाकडे असते आणि तो माणूस रात्री कुठे झोपतो, तेही विचारा.