मराठवाड्यात वाघ ‘सोडले’ म्हणणाऱ्या मजकुराला मुद्देसूद उत्तर

किनवटपासून भूम-परंड्यापर्यंत एक मजकूर मोबाइलवर पुन्हा पुन्हा येतोय. गावाचं नाव बदलतं, सोबतचा पिंजऱ्याचा फोटो बदलतो, बाकी सगळं तेच. वनखात्याने ताडोबातले जास्तीचे वाघ रातोरात गाडीतून आणून मराठवाड्यात सोडले. इथे वाघ कधी नव्हताच. आता ‘वाघ आहे’ म्हणून व्याघ्र प्रकल्प जाहीर होणार आणि कोलाम-गोंडांची पोडं (रानातल्या वस्त्या), आपली गावं उठवणार. शिवाय इथे वाघाला खायला काही नाही, म्हणून तो माणसंच खाणार.

हा मजकूर पुढे पाठवणारे बहुतेक लोक घाबरलेले आहेत, आणि त्यांची भीती सगळीच पोकळ नाही. म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देतो.

“वाघ आणून सोडले.”

ताजं उदाहरण धाराशिवचं. डिसेंबर २०२४ मध्ये येडशी-रामलिंग घाट अभयारण्यातल्या कॅमेऱ्यात वाघ आला. हे अभयारण्य जेमतेम २२ चौरस किलोमीटरचं. वाघ कुठला, हे अंदाजाने ठरलं नाही. पायवाटेच्या दोन्ही बाजूंना झाडाला गुडघ्याएवढ्या उंचीवर कॅमेरे बांधतात, कारण वाघाच्या डाव्या कुशीवरचे पट्टे आणि उजव्या कुशीवरचे पट्टे वेगळे असतात. एकाच वेळी दोन्ही बाजू टिपल्या गेल्या की ते पट्टे आधीच्या नोंदींशी जुळवतात. दोन वाघांचे पट्टे कधी सारखे नसतात. येडशीच्या वाघाचे पट्टे यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातल्या वाघाशी जुळले. ताडोबाचा इथे संबंधच नाही.

टिपेश्वर ते येडशी हे अंतर सरळ रेषेत मोजलं तरी ३०० किलोमीटरच्या वर भरतं. ‘एवढं वाघ चालेल कसा?’ हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे, आणि त्याचं उत्तर आपल्याच जिल्ह्यांतून गेलेलं आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये भारतीय वन्यजीव संस्थेने टिपेश्वरच्या एका तरुण नराच्या गळ्यात रेडिओ कॉलर, म्हणजे त्याची जागा कळवत राहणारा पट्टा, घातली. जूनमध्ये तो निघाला. आदिलाबाद, नांदेड, हिंगोली, वाशीम, अकोला असा फिरत डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. तोवर त्याची चाल १३०० किलोमीटर झाली होती, आणि पुढे ती ३००० च्या वर गेली. हे सांगोवांगीचं नाही, उपग्रहाने टिपलेल्या जागांची मोजणी आहे. हिंगोलीच्या तुरीतून आणि कपाशीतून तो रात्री गेला, तेव्हा बहुतेक गावांना पत्ताही लागला नाही. मार्च २०२१ मध्ये कन्नडच्या गौताळा औट्रमघाट अभयारण्यात कित्येक दशकांनी वाघ दिसला, तोही टिपेश्वरचाच निघाला.

टिपेश्वरच का? वाघीण पिल्लांना साधारण दोन वर्षं सोबत ठेवते. मग वयात आलेल्या नराला स्वतःचं रान शोधावं लागतं, कारण आधीपासून जागा धरून बसलेला नर त्याला टिकू देत नाही. टिपेश्वर १४८ चौरस किलोमीटरचं. आतल्या वाघांचं प्रजनन चांगलं आहे आणि चहूबाजूंनी शेती. पोरगं बाहेर पडणारच. ते ओढ्याकाठाने, डोंगराच्या धारेने, पैनगंगेच्या खोऱ्यातून सरकतं.

वनखातं वाघ एका जागेवरून दुसरीकडे कधीच नेत नाही, असं मी म्हणणार नाही. नेतं, पण ते लपत नाही. मे २०२३ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या दोन वाघिणी नवेगाव-नागझिऱ्यात सोडल्या, त्या मंत्र्यांच्या उपस्थितीत, कॅमेऱ्यांसमोर, कॉलर घालून. ताडोबातून ओडिशातल्या सिमलीपालला नेलेली झीनत तिथून झारखंडमार्गे पश्चिम बंगालात गेली, तेव्हा कॉलरमुळे तिचा माग रोज लागत होता आणि २९ डिसेंबर २०२४ ला तिला बांकुड्यात पकडलं. त्याच दिवसांत येडशीचा वाघ बिनकॉलरचा फिरत होता. खात्याने त्याला सोडलं नाही, उलट त्याला बेशुद्ध करून पकडायला आणि सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात न्यायला जानेवारी २०२५ मध्ये पथक बोलावलं. पथकं बार्शी-धाराशिवच्या शिवारात आठवडेच्या आठवडे फिरली आणि वाघ हुलकावणी देत राहिला. स्वतः सोडलेल्या वाघामागे असं कुणी धावत नाही.

“मराठवाड्यात वाघ कधी नव्हताच.”

अजिंठ्याची लेणी जगापुढे आली ती वाघामुळे. २८ एप्रिल १८१९ ला मद्रास फौजेतला जॉन स्मिथ नावाचा अधिकारी वाघाच्या शिकारीला वाघूरच्या खोऱ्यात उतरला होता, तेव्हा त्याला ती दिसली. दहाव्या लेण्यात त्याने कोरलेलं नाव आणि तारीख आजही आहे. किनवट तर १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होतं, निजामाच्या राज्यातलं एकसलग सागवानी रान. राज्याची सीमा मध्ये आली म्हणून रान तुटत नाही. वाघ इथून गेला तो शिकारीने आणि कुऱ्हाडीने.

“आता व्याघ्र प्रकल्प होणार, गावं उठवणार.”

इथे थांबून बोलावं लागेल, कारण या मुद्द्याचा अर्धा भाग खोटा आणि अर्धा जखमेवरचा आहे.

खोटा भाग आधी. कॅमेऱ्यात वाघ दिसला म्हणून व्याघ्र प्रकल्प होत नाही. महाराष्ट्रात असे प्रकल्प सहा आहेत : मेळघाट, ताडोबा-अंधारी, पेंच, सह्याद्री, नवेगाव-नागझिरा आणि बोर. मराठवाड्यात एकही नाही. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने जून २०२४ मध्ये गाभा क्षेत्रातल्या (प्रकल्पाच्या अगदी आतल्या, फक्त वाघासाठी राखलेल्या भागातल्या) ५९१ गावांच्या, ६४,८०१ कुटुंबांच्या पुनर्वसनाबद्दल राज्यांना पत्र पाठवलं होतं. ते व्याघ्र प्रकल्पांच्या गाभ्यातल्या गावांबद्दल होतं. त्या पत्राचा फोटो जोडून ‘किनवटचा नंबर लागला’ असं लिहिणं ही दिशाभूल आहे. आपली पैनगंगा, येडशी, गौताळा ही अभयारण्यं आहेत, व्याघ्र प्रकल्प नाहीत.

आणि प्रकल्प झालाच, तरी रात्रीतून कुणाला उठवता येत नाही. २००६ चा वनहक्क कायदा सांगतो की आधी त्या जंगलावरचे हक्क निश्चित झाले पाहिजेत, आणि ग्रामसभेची मोकळी, पूर्ण माहिती घेऊन दिलेली संमती लेखी असली पाहिजे.

आता जखमेचा भाग. कोलाम आणि गोंड ‘कायद्यात असं नाही’ एवढ्यावर विश्वास ठेवत नाहीत, आणि त्यांनी का ठेवावा? निजामाच्या काळात आदिलाबादेत रानं राखीव करताना आदिवासींच्या वस्त्या उठवल्या गेल्या. त्याविरुद्ध उभा राहिलेला गोंड पुढारी कुमराम भीम १९४० मध्ये जोडेघाटला पोलिसांच्या गोळीने गेला. किनवट तेव्हा त्याच जिल्ह्यात होतं, ही आठवण पोडांवर अजून जिवंत आहे. पलीकडे तेलंगणात कवल व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यातून मैसमपेट आणि रामपूर ही गावं हलवली गेली. पैनगंगेपलीकडच्या उमरखेडच्या बंदी भागात, म्हणजे अभयारण्याने वेढलेल्या गावांत, साध्या रस्त्यासाठीही अभयारण्याची परवानगी आडवी येते. हे पाहिलेल्या माणसाला ‘अफवा आहे, दुर्लक्ष करा’ म्हणून सोडून देणं चूक आहे.

पण म्हणूनच मला या मजकुराचा राग येतो. लोकांचं ऐकलं जातं, याचा दाखला शेजारीच आहे. मे २०२५ मध्ये तेलंगणा सरकारने कवल आणि ताडोबा यांच्यामधला पट्टा कुमराम भीम संवर्धन राखीव म्हणून जाहीर केला. आदिवासी संघटना रस्त्यावर उतरल्या आणि जुलैत तो आदेश स्थगित झाला. त्यांनी वाघ कुणी सोडला यावर वाद घातला नाही, आमच्या ग्रामसभेला विचारलं का, एवढंच विचारलं. किनवट-माहूरच्या ग्रामसभांनी सामूहिक वनहक्काचे दावे, तेंदूपत्ता, मोह, डिंक आणि बांबू यांवरचा आपला अधिकार कागदावर पक्का करून घेणं हेच उद्याचं संरक्षण आहे. पिंजऱ्याच्या खोट्या फोटोवर चर्चा झडत राहते आणि दावा तहसिलीत पडून राहतो.

“खायला काही नाही, तो माणसंच खाणार.”

आपल्या शिवारात रानडुकरं आणि रोही (नीलगाय) किती आहेत, हे हरभरा पेरणाऱ्याला विचारा. वाघाचं खाणं तेच, आणि मोकाट जनावरंही. तीन हजार किलोमीटर चाललेल्या त्या वाघाने वाटेत एकही माणूस मारला नाही. एक जण जखमी झाला, तो वाघ ज्या झुडपात झोपला होता त्यातच घोळक्याने घुसलेल्यांपैकी होता.

धोका मात्र खरा आहे, आणि तो ठरावीक वेळी, ठरावीक कामात असतो. मार्च-एप्रिलात मोहाची फुलं पहाटे गळतात. बाया अंधार असतानाच टोपली घेऊन झाडाखाली बसतात, वाकून वेचतात. वाकलेलं, बसलेलं माणूस वाघाला माणूस वाटत नाही, चार पायांचं जनावर वाटतं. गटाने जाणं, आवाज करत राहणं, उजाडल्यावर वेचणं यानेच जीव वाचतात. दुसरी वेळ रात्रीच्या पाण्याची. कृषिपंपाला वीज रात्रीची आली की शेतकरी बॅटरी घेऊन उसात शिरतो. वाघाचा वावर असलेल्या गावांना वीज दिवसा मिळाली पाहिजे, ही मागणी वनखात्यापेक्षा महावितरणच्या दारात न्यायला हवी.

डुकरांसाठी कुंपणात सोडलेला करंट तर माणसालाही मारतो आणि वाघालाही. टिपेश्वरमध्ये तारेचा फास गळ्यात रुतलेल्या अवस्थेत वाघीण फिरली आहे, तेही विसरू नये.

जनावर मारलं गेलं तर आधी ते जागेवरून हलवू नका. ४८ तासांच्या आत वनरक्षकाला कळवा, तोवर जमेल तेवढे फोटो काढून ठेवा : नरड्यावरचे सुळ्यांचे व्रण, आजूबाजूच्या ओल्या मातीतले ठसे, कुठून खायला सुरुवात झाली ते. वाघ सहसा मागच्या मांड्यांपासून खातो, बिबट्या पोटाकडून. ठशात नखं उमटली असतील तर तो लांडगा, तरस किंवा कुत्रा. पंचनाम्याला वनपाल आणि पशुवैद्यकीय अधिकारी दोघंही हवेत. गाय, बैल किंवा म्हैस गेली तर बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा ७० हजार रुपये, यांतली कमी असेल ती रक्कम मिळते. चांगली दुभती म्हैस लाखाच्या पुढे जाते, त्यामुळे ७० हजारांत ती उभी राहत नाही. ही मर्यादा वाढवा, पैसे महिन्याभरात खात्यावर टाका, असा ठराव ग्रामसभेत घ्या आणि त्याची प्रत वनपरिक्षेत्र कार्यालयात देऊन पोच घ्या.