९०९ किलोचं तत्त्व

आमच्या ग्रुपवर आठवडाभर गाड्यांवरून भांडण चाललंय. एक म्हणतो, "टाटा-महिंद्रा देशाचा विचार करतात बे, इलेक्ट्रिक आणली." दुसरा म्हणतो, "मारुती गरिबाचा विचार करते, म्हणून लहान गाडी टिकली." मला विचाराल तर दोघंही कंपन्यांच्या फुकटच्या वकिल्या करताहेत. कंपनी आपल्याकडे कोणती गाडी तयार आहे ते बघते आणि तिला सोयीचा नियम मागते. धंदा आहे, मागणारच. आपण त्याला तत्त्व म्हणून डोक्यावर का घ्यायचं?

भांडणाचं मूळ सरकारच्या कॅफे नियमात (कॉर्पोरेट ॲव्हरेज फ्युएल एफिशियन्सी) आहे. कंपनीनं वर्षभरात विकलेल्या सगळ्या नव्या कारचा सरासरी कार्बन डायऑक्साइड किलोमीटरमागे किती ग्रॅम, हे त्यात मोजतात. पहिल्या टप्प्यात देशाची सरासरी १३० ग्रॅम ठरली होती, २०२२ पासून ११३, आणि तिसरा टप्पा एप्रिल २०२७ पासून यायचाय. पण मेख अशी की मर्यादा सगळ्यांना सारखी नाही. ती वजनावर ठरते. ज्या कंपनीच्या गाड्या सरासरीनं जड, तिला सैल. ज्या कंपनीच्या हलक्या, तिला कडक. म्हणजे कमी पेट्रोल पिणारी वॅगनआर विकणाऱ्याचा पेपर अवघड आणि अडीच टनी धूड विकणाऱ्याचा सोपा! मारुतीची तक्रार इथली आहे आणि ती खरी आहे.

तिच्यावर सप्टेंबर २०२५ च्या मसुद्यात जो उतारा निघाला, तो मात्र गमतीचा. वजन ९०९ किलोपर्यंत, इंजिन १२०० सीसीपर्यंत, लांबी चार मीटरच्या आत, अशा पेट्रोल गाड्यांना ३ ग्रॅमची जादा सूट. या काट्याखाली बसणाऱ्या गाड्यांत भरणा कोणाचा, हे सांगायला नको. टाटा आणि महिंद्रा लगेच विरोधात उभे राहिले. सूट मिळवायला वजन घटवलं तर सुरक्षितता घटेल, हा टाटांकडून आलेला मुद्दा. मुद्दा बरोबर आहे. पण एक इलेक्ट्रिक गाडी विकली की हिशेबात तीन धरतात, त्या सवलतीबद्दल इलेक्ट्रिकवाल्यांनी कधी एवढा गळा काढलेला ऐकलाय? २०२४ मध्ये उत्तर प्रदेशानं स्ट्राँग हायब्रिडला, म्हणजे पेट्रोल इंजिनासोबत बॅटरीवरही चालणाऱ्या गाड्यांना, नोंदणी कर माफ केला, तेव्हा त्या विकणाऱ्या मारुती-टोयोटा खूश आणि इलेक्ट्रिकवाले नाराज. तेच खेळाडू, फक्त मैदान बदललं.

आकड्याची रेघ मारली की गाडी त्या रेघेप्रमाणे कापली जाते, हे आपण याआधीही पाहिलंय. २००६ च्या बजेटमध्ये चार मीटरच्या आतल्या गाड्यांना अबकारी सवलत मिळाली आणि पुढे इंडिगोची, मग डिझायरची डिकी आखडली. २०१५ च्या डिसेंबरात दिल्लीत २००० सीसीच्या वरच्या डिझेल गाड्या थांबवल्या, तर पुढच्याच महिन्यात महिंद्रानं १.९९ लिटरचं इंजिन बाजारात आणलं. हुशारी म्हणून दाद द्यावी, पण हवेला त्याचा काय उपयोग?

२०१७ चा मार्च आठवतोय ना? पाडवा २८ तारखेला झाला. २९ ला सर्वोच्च न्यायालयानं १ एप्रिलपासून बीएस-३ (भारत स्टेज ३, धुराचा जुना निकष) गाड्यांची विक्री बंद केली. देशभरात ८ लाखांहून जास्त गाड्या पडून होत्या. सोलापुरात पुढचे दोन दिवस शोरूमसमोर नुसती झुंबड. आमच्या चुलतभावानं मुहूर्त साधून पाडव्याला पूर्ण किमतीत बाईक घेतली होती, आणि तिसऱ्या दिवशी शेजारी तीच बाईक हजारोंच्या सवलतीत घेऊन आला. वहिनी अजून मुहूर्ताचा विषय निघाला की त्याच्याकडे बघते. तर त्या खटल्यात बजाज ऑटो बंदीच्या बाजूनं होती. पर्यावरणप्रेम? असेलही. पण त्यांच्या गाड्या आधीच बीएस-४, म्हणजे नव्या निकषाच्या, झाल्या होत्या. ज्यांची गोदामं भरलेली होती, त्यांना मुदत हवी होती.

अमेरिकेतही हेच. २०१९ मध्ये फोर्ड, होंडा, बीएमडब्ल्यू आणि फोक्सवॅगन कॅलिफोर्नियाच्या कडक नियमांसोबत गेल्या. जनरल मोटर्स, टोयोटा, फियाट क्रायस्लर नियम सैल करू पाहणाऱ्या ट्रम्प सरकारच्या बाजूला. यातली फोक्सवॅगन म्हणजे २०१५ मध्ये डिझेल चाचणीत चोरी करताना सापडलेलीच, बरं का. नोव्हेंबर २०२० मध्ये बायडन निवडून आले आणि महिना संपायच्या आत जनरल मोटर्सनं बाजू बदलली. पक्ष बदलायला आमदारच लागतात असं काही नाही.

आता आपल्या गावाचं. स्वच्छ हवेच्या राष्ट्रीय कार्यक्रमात ज्या शहरांची हवा बिघडलेली म्हणून नावं आहेत, त्यात सोलापूर आहे. पण जुन्या पुणे नाक्यावर उभं राहून बघा: ट्रक, म्हातारे टमटम, वडाप, धूळ. यातलं काहीच कॅफेत येत नाही. ते फक्त नव्या कारच्या इंधनाचं गणित आहे. काळ्या धुराचा कायदा वेगळा. त्यामुळे या भांडणात कोणी जिंकलं म्हणून सात रस्त्यावर श्वास मोकळा होईल, या भ्रमात राहू नका.

शिवाय आपणही त्या टेबलावर बसलोय. सप्टेंबर २०२५ च्या त्याच मसुद्यात इथेनॉल मिसळलेल्या इंधनालाही सवलत होती, आणि आपला जिल्हा साखर कारखान्यांचा. आमच्याकडे इथेनॉलविरुद्ध बोललं तर शेतकऱ्याविरुद्ध बोलल्यासारखं धरतात. तरी बोलतो. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांशच ऊर्जा असते. मायलेज वाढवायच्या नियमात मायलेज कमी करणाऱ्या इंधनाला बक्षीस! शिवाय उसाला पाणी उजनी धरणाचं, आणि शहरात नळाला पाणी येतं काही दिवसांच्या आड. हे ग्रॅममध्ये कोण मोजणार?

माझं म्हणणं एवढंच: ९०९ चा काटा नको आणि जड गाडीला सैल मर्यादाही नको. वजन वाढेल तशी मर्यादा सैल होत जाते, तो उतारच सगळ्यांसाठी कमी करा. लहान गाडीला वेगळी भीक घालायची गरजच उरणार नाही. तिप्पट मोजणीही ठरलेल्या तारखेला संपवा.

ज्यांना पटत नाही त्यांनी कमेंटमध्ये खुशाल भांडा. फक्त येताना आपल्या गाडीच्या आरसीवर वजन किती लिहिलंय ते बघून या.