कर्ट वॉर्नर दुकानातून थेट सुपर बोलला गेला नव्हता

वर्षातून एकदा तरी हा मेसेज फिरत फिरत येतोच. स्पर्धा परीक्षांच्या ग्रुपवर तर हमखास. हेल्मेट घातलेल्या खेळाडूचा फोटो आणि खाली मजकूर, थोडक्यात असा: कर्ट वॉर्नर हा अमेरिकन फुटबॉलपटू. कॉलेजने त्याला खेळवलंच नाही. ग्रीन बेच्या संघाने नालायक म्हणून हाकलून दिलं. मग पाच वर्षं तो एका किराणा दुकानात तासाला साडेपाच डॉलरवर गिऱ्हाइकांच्या पिशव्या भरत होता. एके दिवशी एका संघाचा मुख्य खेळाडू जखमी झाला, कोचने याला बोलावलं आणि निव्वळ जिद्दीच्या जोरावर त्याच वर्षी याने सुपर बोल जिंकला. शेवटी हात जोडलेला इमोजी आणि 'संधी कधी येईल सांगता येत नाही, फक्त तयार राहा'.

यातला वॉर्नर खरा, दुकान खरं, साडेपाच डॉलरही खरे. बाकीची वाक्यं मात्र तपासून घ्यायला हवीत. त्यातली काही अर्धवट खरी आहेत, एक साफ खोटं आहे, आणि या माणसाच्या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग नेमका त्या खोट्या वाक्याखाली गाडला गेला आहे.

हा खेळ न पाहणाऱ्यांसाठी एवढंच: एनएफएल ही अमेरिकन फुटबॉलची सर्वोच्च लीग, सुपर बोल हा तिचा अंतिम सामना, आणि वॉर्नर क्वार्टरबॅक होता. जवळजवळ प्रत्येक चालीला चेंडू आधी क्वार्टरबॅकच्या हातात येतो आणि समोरचे धिप्पाड गडी अंगावर येऊन आदळण्याआधी, दोन-तीन सेकंदांत, तो कुणाला द्यायचा किंवा फेकायचा हे त्याने ठरवायचं असतं. मैदानात एका वेळी क्वार्टरबॅक एकच. संघाकडे तिघे असले तर दोघे बाकावर, आणि पहिला धडधाकट असेल तर ते वर्षभर तिथेच.

पिशव्यांचा मुद्दा किरकोळ आहे, तो आधी उरकतो. आयोवा राज्यातल्या सीडर फॉल्स गावातल्या हाय-व्ही या दुकानात वॉर्नर रात्रपाळीला फळ्यांवर माल लावायचा. गिऱ्हाइकांशी त्याचा फारसा संबंध नव्हता. पण पिशवी भरणारा पोरगा डोळ्यांसमोर पटकन उभा राहतो, म्हणून मेसेजमध्ये पिशव्या आल्या असाव्यात.

कॉलेजबद्दलचं वाक्य तीन चतुर्थांश खरं आहे. नॉर्दर्न आयोवा विद्यापीठात तो १९८९ मध्ये गेला आणि शेवटचं वर्ष उजाडेपर्यंत त्याला मुख्य क्वार्टरबॅकची जागा मिळाली नाही. पण १९९३ च्या त्या शेवटच्या मोसमात तो खेळला आणि त्याच्या गेटवे कॉन्फरन्समधला, म्हणजे आपसांत खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटातला, त्या वर्षीचा सर्वोत्तम आक्रमक खेळाडू ठरला. 'खेळवलंच नाही' आणि 'एकच वर्ष खेळवलं, त्यात तो पहिला आला' यांत बराच फरक आहे. दुसरं वाक्य खरं धरलं, तर ग्रीन बेने त्याला चाचणीला का बोलावलं हेही कळतं. पहिलं धरलं तर कळत नाही.

आता ग्रीन बे पॅकर्स. १९९४ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएफएलचे संघ कॉलेजमधले खेळाडू आळीपाळीने उचलतात त्या निवडीत, वॉर्नरचं नाव कुणीही घेतलं नाही. पॅकर्सनी त्याला उन्हाळी शिबिराला बोलावलं आणि मोसम सुरू व्हायच्या आत सोडून दिलं. 'हाकललं' म्हणणाऱ्यांनी त्या शिबिरात आणखी कोण होतं ते पाहावं. ब्रेट फार्व्ह, जो १९९५ पासून सलग तीन वर्षं लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. मार्क ब्रुनेल, ज्याने १९९६ मध्ये जॅक्सनव्हिलकडून साऱ्या लीगमध्ये सर्वाधिक पासिंग यार्ड, म्हणजे पास देऊन संघाला पुढे सरकवलेलं अंतर, काढले. आणि टाय डेटमर, कॉलेज फुटबॉलचा सर्वोच्च मान समजली जाणारी हाइझमन ट्रॉफी १९९० मध्ये जिंकलेला. या तिघांनंतर चौथा वॉर्नर. शिबिरात एकदा त्याला मैदानात उतरायला सांगितलं, तर चाली नीट पाठ नाहीत म्हणून त्याने स्वतःच नकार दिला. क्वार्टरबॅकचे कोच स्टीव्ह मारियुची यांचं मत असं पडलं की मुलात गुण आहेत, पण तो अजून तयार नाही. १९९४ पुरतं ते मत बरोबरच होतं. आपल्याकडच्या प्रेरणादायी गोष्टींना खलनायक लागतो हे खरं, पण इथे तो सापडत नाही.

आणि आता ते पाच वर्षांचं वाक्य. हेच खोटं आहे.

१९९४ चा उन्हाळा संपताना वॉर्नर सीडर फॉल्सला परतला. दिवसा जुन्या कॉलेजच्या संघात साहाय्यक कोच म्हणून राबायचा, रात्री दुकानात. हे काही महिनेच चाललं. १९९५ मध्ये तो आयोवा बार्नस्टॉर्मर्स या संघाकडून मैदानात होता. डे मॉइनचा हा संघ त्याच वर्षी उभा राहिला होता आणि एरिना फुटबॉल लीगमध्ये खेळत होता. संघाचे मालक जिम फॉस्टर. एरिना फुटबॉल हा प्रकारच मुळात या गृहस्थांच्या डोक्यातून निघालेला.

एरिना फुटबॉल म्हणजे टर्फवरच्या बॉक्स क्रिकेटसारखा, बंदिस्त जागेत कोंबून बसवलेला खेळ. मैदानाची लांबी १०० यार्डांऐवजी ५०, रुंदी जेमतेम ८५ फूट. अकराऐवजी आठ खेळाडू. बाजूला सीमारेषेऐवजी गादी लावलेल्या भिंती, आणि गोलखांबांच्या दोन्ही अंगांना ताणलेल्या जाळ्या, ज्यांवर आपटून परतलेला चेंडू खेळातच धरला जातो. बर्फावरच्या हॉकीच्या रिंगणात मावावं असं हे सारं. एवढ्याशा जागेत बचाव करणारे कायम जवळ, मोकळा गडी दिसतो तो क्षणभर, आणि क्वार्टरबॅकने चेंडू हातात घोळवत बसलं की तो आडवा झालाच म्हणून समजा. गुणफलक मात्र सतत हलता. दोन्ही संघ मिळून शंभरावर गुण होणं ही तिथे बातमी नसायची.

थोडक्यात, झटपट वाचायचं आणि झटपट फेकायचं, हे या लीगने वॉर्नरकडून तीन मोसम घोटून घेतलं. १९९५ मध्ये त्याचे ४३ टचडाउन पास, म्हणजे थेट गुण मिळवून देणारे पास, १९९६ मध्ये ६१, १९९७ मध्ये ७९. एकूण १८३, आणि दहा हजारांवर यार्ड. शेवटच्या दोन्ही वर्षी लीगच्या सर्वोत्तम संघात त्याची निवड झाली, आणि दोन्ही वर्षी बार्नस्टॉर्मर्स अंतिम सामन्यात पोहोचले. १९९६ ला टँपा बेकडून हरले, १९९७ ला ॲरिझोनाकडून. चेंडू हातातून चटकन सोडण्याची जी सवय पुढे एनएफएलमध्ये लोकांना जादू वाटली, तिचं श्रेय वॉर्नरने स्वतः याच लीगला दिलं आहे. मेसेजमध्ये मात्र ही तिन्ही वर्षं तो पिशव्या भरतोय.

बरं, एरिनात एवढं करूनही दार उघडलंच असं नाही. १९९७ मध्ये शिकागो बेअर्सकडे चाचणी ठरली होती. तेव्हाच त्याचं लग्न झालं आणि मधुचंद्रात फेकण्याच्या हाताच्या कोपराला काहीतरी चावलं, बहुधा कोळी. कोपर सुजलं आणि चाचणी बारगळली. ही हकिकत मेसेजमध्ये का नाही हे मला खरोखर कळत नाही, एवढी नाट्यमय गोष्ट कुणी सोडत नाही. पण ती घ्यायची तर १९९७ मध्ये एक नावाजलेला संघ त्याला बघायला तयार होता हेही लिहावं लागतं, आणि मग 'पाच वर्षं दुकानात'चं काय करायचं?

त्याच सुमाराला एनएफएलची युरोपातली लीग त्याच्या वाट्याला आली. अ‍ॅमस्टरडॅम ॲडमिरल्सचे कोच अल लुगिनबिल यांना तो हवा होता. वॉर्नरचा हट्ट असा, की आधी अमेरिकेतल्या एखाद्या संघाने करार करावा, मग मी युरोपला जातो. लुगिनबिल यांनी एकामागून एक संघांना विचारलं, शेवटी सेंट लुइस रॅम्सनी होकार दिला. १९९८ च्या वसंतात वॉर्नर अ‍ॅमस्टरडॅमकडून खेळला आणि २,१०१ यार्ड व १५ टचडाउन पासेससह दोन्ही बाबतींत लीगमध्ये पहिला आला. तिथे त्याच्यामागे बाकावर बसणारा जेक डेलोम हाही ड्राफ्टमध्ये कुणी न घेतलेला, आणि तोही २००४ मध्ये कॅरोलायनाकडून सुपर बोल खेळला. एकाच संघातले दोन न निवडलेले क्वार्टरबॅक तिथवर पोहोचतात, तेव्हा जिद्दीपलीकडेही काही चाललं होतं असं मानायला जागा आहे. क्वार्टरबॅक सामन्यांत तयार होतो, आणि ते सामने खेळायला मिळतील अशी जागा तेव्हा होती.

आता 'एके दिवशी कोचने बोलावलं'. कुठून बोलावलं? १९९८ चा अख्खा मोसम वॉर्नर रॅम्सच्या संघातच होता, टोनी बँक्स आणि स्टीव्ह बोनो यांच्या मागे तिसरा. वर्षभरात तो एकाच सामन्यात उतरला. ११ पैकी ४ पास पूर्ण, ३९ यार्ड. संघ १६ पैकी १२ सामने हरला. तरीही तिसरा तो तिसराच.

हा माणूस खरोखर किती कडेला उभा होता ते पाहायचं तर दुकानाकडे नको, फेब्रुवारी १९९९ कडे बघावं. क्लीव्हलँड ब्राउन्स हा संघ लीगमध्ये नव्याने उभा राहत होता आणि बाकीच्या संघांनी आपले काही खेळाडू त्याच्यासाठी मोकळे ठेवायचे होते. रॅम्सनी मोकळ्या ठेवलेल्यांत वॉर्नर होता. म्हणजे 'न्यायचा तर न्या' असा प्रकार. क्लीव्हलँडने त्याला नेलं नाही. शून्यातून संघ उभारणाऱ्यांनाही तो नको होता. वयाची २७ वर्षं, चार वर्षं दोन लीगमधली कामगिरी आणि ही किंमत. मेसेजवाल्यांना रडूच आणायचं होतं तर हे पुरेसं होतं, त्यासाठी काही बनवायची गरज नव्हती.

त्या उन्हाळ्यात रॅम्सनी ट्रेंट ग्रीनला मोठा करार देऊन मुख्य क्वार्टरबॅक म्हणून आणलं. बँक्स बाल्टिमोरला गेला, बोनोही गेला, आणि वॉर्नर दुसऱ्या क्रमांकावर आला. २८ ऑगस्टच्या सराव सामन्यात सॅन डिएगोच्या रॉडनी हॅरिसनची धडक ग्रीनच्या गुडघ्यावर बसली आणि त्याचा मोसम तिथेच संपला. मुख्य कोच डिक व्हर्मील यांनी वॉर्नरच्या पाठीशी उभं राहायचं जाहीर केलं. तेव्हा ते रडले होते, पण ग्रीनसाठी. दुखापतीचा भाग मेसेजमध्ये बरोबर आहे. दुखापत झाली नसती तर त्या मोसमात वॉर्नर बाकावरच बसला असता. नशीब होतंच. फक्त ते आलं तेव्हा हा माणूस दुकानाच्या फळीशी नव्हता. कोचपासून काही पावलांवर, चाली तोंडपाठ करून उभा होता.

मोसमातला पहिला सामना नेमका बाल्टिमोरशी होता. वॉर्नरचे तीन टचडाउन पास. पुढच्या दोन सामन्यांतही तीन-तीन, चौथ्यात सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध पाच. मोसमाअखेर ४,३५३ यार्ड, ४१ टचडाउन, १३ इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याने झेललेले पास). लीगचा सर्वोत्तम खेळाडू तोच. ३० जानेवारी २००० रोजी अटलांटात टेनेसी टायटन्सला २३-१६ हरवून रॅम्सनी सुपर बोल जिंकला. वॉर्नरचे ४१४ यार्ड हा तेव्हाचा सुपर बोलमधला विक्रम होता.

राहिला 'निव्वळ जिद्दीच्या जोरावर'. त्याच १९९९ मध्ये रॅम्सनी इंडियानापोलिसकडून मार्शल फॉक आणला होता. त्याने त्या मोसमात धावून आणि पास झेलून मिळून २,४२९ यार्ड काढले, हाही तेव्हाचा विक्रम. ड्राफ्टमध्ये सहाव्या क्रमांकावर टॉरी होल्ट घेतला होता. आयझॅक ब्रूस आधीपासून होता. ऑर्लँडो पेस क्वार्टरबॅकच्या पुढ्यात भिंतीसारखा उभा. आक्रमणाचा आराखडा माइक मार्ट्झ यांचा, तेही त्याच वर्षी आलेले. पुरावा हवा तर पुढचं वर्ष पाहा. २००० मध्ये वॉर्नरच्या हाताला दुखापत झाली आणि बरा झालेला ग्रीन त्याच्या जागी उतरला. १६ टचडाउन पास, फक्त ५ इंटरसेप्शन. आक्रमणाची गाडी जवळपास त्याच वेगाने चालू राहिली. म्हणून वॉर्नर साधारण होता असं मुळीच नाही. त्याने २००८ च्या मोसमात ॲरिझोना कार्डिनल्सलाही, वयाच्या ३७ व्या वर्षी, सुपर बोलपर्यंत नेलं. पण १९९९ चा विजय एकट्या माणसाच्या निर्धाराच्या खात्यावर लिहिणं म्हणजे फॉक, होल्ट, ब्रूस आणि पेस यांना फोटोतून कापून टाकणं.

उरलं ते 'फक्त तयार राहा'. वॉर्नर तयार राहिला तो सामने खेळून, आणि ते सामने दोन दुय्यम लीगनी त्याला दिले. त्यांतली युरोपातली लीग सतत तोट्यात जाते म्हणून एनएफएलने २००७ मध्ये बंद केली. एरिना लीगने २००९ चा मोसम रद्द केला, नंतर पुन्हा उभी राहिली आणि २०१९ नंतर थांबली. ड्राफ्टमध्ये न निवडल्या गेलेल्या क्वार्टरबॅकला आज एनएफएल संघाच्या सराव चमूत जागा मिळू शकते, तिथे पगार बरा असतो पण सामना नसतो. किंवा वसंतात चालणारी यूएफएल आहे. २०२४ मध्ये दोन लीग एकत्र करून ती सुरू झाली, कारण वेगवेगळ्या चालवणं त्या दोघींनाही परवडत नव्हतं.