नेट स्लो आहे? तसंच राहू द्या

घरचं नेट स्लो झालं की माणूस पहिली घोडचूक करतो ती म्हणजे ते नेमकं कुठे स्लो झालंय हे शोधायला जातो. शोधलं की सापडतं. सापडलं की दुरुस्त करावं लागतं. आणि एकदा दुरुस्त झालं की सोसायटीच्या ग्रुपवर तुम्ही बोलणार काय? पार्किंग आणि पाण्याचा टँकर हे विषय चेअरमननी आधीच अडवून ठेवलेत. तेव्हा आपल्या वाट्याला आलेलं हे दुखणं जपलं पाहिजे. ते वर्षानुवर्षं टिकवायचं कसं, याबद्दल चार गोष्टी सांगतो.

सुरुवात बंद-चालूने करा. राउटरचं बटण दाबायचं, लगेच परत दाबायचं. याने कधीकधी खरोखर गुण येतो. चॅनल, म्हणजे लहरींची वाट, ‘ऑटो’वर असेल तर राउटर चालू होताना आजूबाजूची गर्दी बघून त्यातल्या त्यात मोकळा चॅनल नव्याने निवडतो. पण या खोलात शिरू नका. गुण आला की ‘बघितलंत?’ असं म्हणून घरच्यांकडे विजयी मुद्रेने बघायचं आणि पुन्हा स्लो होईपर्यंत विषय मिटवायचा.

राउटर कुठे असावा हे घरोघरी ठरलेलंच आहे: वायर जिथे संपली तिथे. वायर लावणारा मुलगा दारातून आत येतो, त्याची वायर चपलांच्या कपाटापर्यंत पुरते, तिथे तो दोन स्क्रू मारतो. झालं. घराच्या मध्यावर, उंच आणि मोकळ्या जागी ठेवला तर सगळ्या खोल्यांत लहरी नीट पोचतील, हे खरं आहे. पण मध्यावर उंच जागी आपल्याकडे पंखा असतो. शिवाय ते शिंगांचं काळं प्रकरण पाहुण्यांच्या नजरेला पडलं तर दिवाणखान्याची शोभा जाते. म्हणून त्याला टीव्हीच्या मागे सारा. टीव्हीतला पत्रा लहरी अडवायला उत्तम. दाराच्या कपाटात, शेजारी स्टीलचे डबे रचून ठेवलात तर आणखी बरं. फिशटँक असेल तर तो राउटर आणि बेडरूमच्या मधोमध आणा, पाणी या लहरी मनापासून पितं. आणि धूळ बसू नये म्हणून वरून क्रोशाचा रुमाल घाला, म्हणजे आतली उष्णताही बाहेर वाया जाणार नाही.

फोनमध्ये तुम्हाला घरच्याच वाय-फायची दोन नावं दिसत असतील. एक साधं, दुसऱ्याच्या शेपटाला ‘५जी’. या दुसऱ्याच्या वाटेला जाऊ नका. तुमचा फोन फोर-जी, त्यावर फाइव्ह-जी कसं चालेल? शिवाय त्याने चिमण्या मरतात असा फॉरवर्ड आलाच होता. ते ५ म्हणजे ५ गिगाहर्ट्झ, मोबाइलच्या फाइव्ह-जीशी त्याचं काही नातं नाही, भिंत आली की ते लवकर दमतं पण त्याच खोलीत बसलात तर वेग कितीतरी जास्त देतं, असलं काही भाचा सांगायला लागला तर त्याला कोथिंबीर आणायला पाठवा. आपण साध्या नावाच्या २.४ गिगाहर्ट्झवरच राहावं. तिथे सोबत असते. या पट्ट्यात एकमेकांच्या अंगावर न येणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११, आणि ठाण्या-पुण्याच्या कुठल्याही सात मजली इमारतीत त्यांच्यावर सगळ्या बिऱ्हाडांचे राउटर दाटीवाटीने बसलेले. ब्लूटूथ तिथेच. मायक्रोवेव्हही तिथेच, साधारण २.४५ गिगाहर्ट्झवर. म्हणून तर दुपारी सूनबाईंची ऑफिसची मीटिंग रंगात आलेली असताना कुणीतरी कालची आमटी गरम करायला ठेवतं, आणि पडद्यावरचा साहेब तोंड उघडं ठेवून जागच्या जागी थिजतो. आमटी उकळेपर्यंत सूनबाई कंपनीला नावं ठेवतात.

आतल्या खोलीत फोनवर एकच काडी येते का? मग रिपीटर मागवा, आणि जिथे एकच काडी येते बरोब्बर तिथेच तो प्लगमध्ये खोचा. राउटर आणि ती खोली यांच्या अध्यामध्यात, जिथे सिग्नल अजून धड असतो, तिथे लावायचं असतं म्हणे. पण मधल्या पॅसेजमध्ये प्लग असतो कुठे? खोलीत लावलेला रिपीटर कानगोष्टींच्या खेळातल्या शेवटच्या गड्यासारखा काम करतो: जे अर्धवट ऐकलं ते मोठ्या आवाजात सांगतो. ऐकायला आणि बोलायला तोच एक पट्टा वापरत असेल तर उरल्यासुरल्या वेगाचेही साधारण अर्धे होतात. पण फोनवर काड्या फुल्ल! नेट चालत नाही ते चालत नाहीच, पण आता ते का चालत नाही हे कुणालाच सांगता येणार नाही. पैसे वसूल.

हिशेबात कच्चं राहण्याचेही फायदे आहेत. १०० एमबीपीएसचा प्लॅन, फाइल उतरवायला घेतली, संगणकाने सेकंदाला साडेबारा एमबी दाखवले, की तडक फोन लावा: ‘पैसे शंभरचे घेता आणि देता साडेबारा?’ प्लॅनमध्ये बिट मोजतात, फाइल बाइटमध्ये, आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे शंभर भागिले आठ, पै न पै चुकती झाली. पण पलीकडून असं कुणी समजावत नाही. ‘असुविधेबद्दल क्षमस्व’ म्हणून तक्रार नोंदवून घेतात. खरोखर चारच एमबीपीएस येत असतील तेव्हा मात्र कायद्याचा आधार शोधू नका. आपल्या सरकारने २००४ च्या धोरणात २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हटलं होतं, पुढे ते ५१२ झालं आणि जानेवारी २०२३ मध्ये २ एमबीपीएस. तुमचे चार म्हणजे व्याख्येच्या दुप्पट. उरले जाहिरातीतले शंभर. त्यांच्या आधी मुंगीएवढ्या अक्षरात ‘अप टू’ असतं, आणि मुंगीएवढी अक्षरं चष्मा पुसून वाचायची सवय आपल्याला फक्त लग्नपत्रिकेत जेवणाची वेळ शोधण्यापुरती आहे.

या सगळ्यात एकाच वस्तूपासून जपून राहा. राउटरच्या खोक्यात आलेली ती हातभर लॅनची वायर. ती चुगलखोर आहे. लॅपटॉपचं वाय-फाय बंद करून, घरातले बाकीचे फोन-टीव्ही क्षणभर गप्प करून, लॅपटॉप त्या वायरने राउटरला जोडला आणि वेग मोजला की दोन मिनिटांत निकाल लागतो. वायरवर ९५ आणि बेडरूममध्ये ८ आले तर दोष घरातला: कपाट, डबे, क्रोशाचा रुमाल. वायरवरही ८ आले तर दोष उंबऱ्याबाहेरचा. दोन्हींत पंचाईत. पहिल्यात घरच्यांसमोर नामुष्की. आणि दुसऱ्यात कंपनीशी पुराव्यानिशी बोलावं लागतं, ज्यात आरडाओरड्याची मजा नाही. माझं तर स्पष्ट मत आहे की ही वायर तुम्हाला जितकी नकोशी असते तितकीच कंपनीलाही. म्हणून तर तिच्या वेटोळ्याची तार न सोडता ती खोक्यासकट माळ्यावर जाते, याबद्दल दोन्ही पक्षांचं कधी भांडण झाल्याचं ऐकलेलं नाही.

वायर न लावता करण्याजोगा मोठा उपाय म्हणजे प्लॅन वाढवणं. कस्टमर केअरवालेही हाच सुचवतात, इतक्या आपुलकीने की नाही म्हणवत नाही. १०० चा ३०० करा आणि राउटर तोच जुना ठेवा, ज्याच्या लॅन पोर्टांची धाव मुळात १०० पर्यंतच. किंवा राउटर नवा घ्या आणि मधली लॅनची वायर जुनी ठेवा, दाराच्या फटीत चेमटलेली. त्या वायरीत आठ तारा असतात. शंभराला चार पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. एक तार तुटली की बऱ्याचदा दोन्ही टोकं गुपचूप शंभरावर तडजोड करतात, दिवे हिरवेच राहतात आणि तुमचा मीटर ९४ वर घुटमळतो. बिल मात्र न घुटमळता तीनशेचं येतं.

कारण द्यायचंच तर जितकं लांबचं देता येईल तितकं द्या. सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाजवळ लाल समुद्रातल्या इंटरनेटच्या केबली तुटल्या आणि त्याची झळ भारतालाही लागली, ही बातमी जपून ठेवण्यासारखी आहे. बेडरूममध्ये मालिका अडकली की ‘लाल समुद्रात गडबड आहे’ असं म्हणता येतं. मोठ्या व्हिडिओ कंपन्या लोकप्रिय कार्यक्रमांच्या प्रती भारतातच, पुष्कळदा तुमच्या इंटरनेट कंपनीच्याच सर्व्हरवर ठेवतात. तुमची मालिका जेद्दाकडे फिरकतही नाही, ती अडकलीय फिशटँकपाशी. पण बाकावर बसून बोलायला लाल समुद्र बरा पडतो. कुणी जास्तच शहाणा निघाला तर तो तुम्हाला डीएनएस बदलून १.१.१.१ टाकायला सांगेल. जरूर टाका. ही सेवा १ एप्रिल २०१८ ला जाहीर झाली, तारखेवरून फार अर्थ काढू नये, सेवा चांगली आहे. संकेतस्थळाचा पत्ता ती चटकन शोधून देते. पत्ता चटकन मिळाल्यावर पुढचं सगळं पूर्वीच्याच गतीने येतं.

एवढं होऊनही समाधान नसेल तर ‘मुलाला’ बोलवा. नेटच्या धंद्यात इंजिनिअर नसतात, मुलगा असतो. ‘उद्या सकाळी मुलगा येईल’ असं सांगतात आणि तो परवा संध्याकाळी, तुम्ही आंघोळीला गेलेले असताना येतो. तो आला की आधी बाहेरून येणारी फायबरची वायर बघतो. खिडकीच्या सरकत्या काचेत ती काटकोनात दाबलेली असते. डास येतात म्हणून खिडकी घट्ट लावायचा हुकूम असतो ना. आतला काचेचा तंतू १२५ मायक्रॉनचा, केसाएवढा, आणि प्रकाश धावतो तो गाभा जेमतेम ९ मायक्रॉन. तो मुडपला की प्रकाश वळणावरच सांडतो. मुलगा खिशातून प्रकाश मोजायचा मीटर काढतो, टोक पुसतो, लावतो. उणे २८. आकडा जितका खाली तितका प्रकाश मंद, आणि फायबरच्या बहुतेक घरगुती डब्यांना उणे २७ पर्यंतच धड दिसतं. मग तो मागे बघतो तर कुणीतरी हिरव्या टोकाची वायर निळ्या सॉकेटात घातलेली. हिरव्याचं टोक आठ अंशांनी तिरकं घासलेलं, निळ्याचं सरळ. दोन्ही एकमेकांत बसतात, पण आत काचेला काच भिडत नाही. हे ‘कुणीतरी’ कोण, ते तो बोलत नाही. गेल्या वेळी तोच आला होता.

इथे खरं म्हणजे तुमच्यावर प्रसंग ओढवलेला असतो, कारण मुलाला दुखणं सापडलंय. पण धीर सोडू नका. त्याच्या फोनवर आणखी नऊ घरं लाल दिसत असतात. तो वायर जराशी सरळ करतो, चिकटपट्टी मारतो, राउटरपासून वीतभर अंतरावर उभा राहतो, ५ गिगाहर्ट्झला जोडतो आणि शहरातल्याच, बहुधा कंपनीच्याच सर्व्हरवर वेग मोजतो. काटा ९६ वर जातो. स्क्रीनशॉट. ‘काका, ओके आहे. ओटीपी सांगा.’

ओटीपी म्हणजे काम झाल्याची तुमची कबुली. ती काम झाल्यावर द्यायची असते, असा एक गैरसमज आहे. मुलगा म्हणतो, ‘बेडरूमचं उद्या बघतो ना काका, आत्ता तिकीट क्लोज नाही केलं तर माझे पैसे कापतात.’ आणि ते खोटं नसतं. त्याची रोजी त्या सहा आकड्यांवर अडकलेली असते, तुमच्या एमबीपीएसवर नाही. तुम्ही आकडे सांगता. त्याला पाणी विचारता. मिनिटभरात मेसेज येतो: आपल्या तक्रारीचं यशस्वी निवारण झालं आहे, आमच्या सेवेला पाचपैकी गुण द्या. बेडरूममध्ये तो मेसेज उघडायला वेळ लागतो.

यापुढची पायरी म्हणजे ट्रायला, म्हणजे दूरसंचार नियामकाला, टॅग करणं. ट्राय वैयक्तिक तक्रारी हाताळत नाही, त्यामुळे ही पायरी पूर्ण सुरक्षित आहे. धोका दुसऱ्या पायरीत. कंपनीतच अपील करायचा अधिकारी असतो. डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, लावून त्याच्याकडे गेलं की ३९ दिवसांत निकाल देणं त्याला बंधनकारक आहे, फी लागत नाही. पण त्यासाठी डॉकेट नंबर लिहून ठेवावा लागतो, आणि आपण तो दुधाच्या पिशव्यांचा हिशेब लिहितो त्या कागदावर लिहून कागद टाकून देतो. तेच बरं. त्या अधिकाऱ्याने ‘वायरवर किती वेग येतो?’ असं विचारलं असतं तर माळ्यावर चढावं लागलं असतं.

शेवटचा उपाय, कंपनी बदलणं. याला ‘एकदाचा कंटाळा आला’ असं म्हणतात आणि ते ग्रुपवर जाहीर करतात. सहा महिन्यांचे पैसे आगाऊ, राउटर फुकट, बसवायचे पैसे माफ. ठरल्या दिवशी बेल वाजते. दारात नव्या कंपनीचा टी-शर्ट आणि आतमध्ये तोच मुलगा. दोन्ही कंपन्यांची कामं एकाच कंत्राटदाराकडे आहेत, आणि टी-शर्ट बाइकच्या डिकीत असतात. तुम्हाला ओळखून तो हसतो, चपला काढतो, काही न विचारता सरळ टीव्हीच्या मागे हात घालतो आणि म्हणतो, ‘स्क्रू आहेतच, काका. आत्ता एक ओटीपी येईल बघा.’